सदुसष्टपैकी सत्तर

जिला गुण देता येत नाहीत अशी वस्तू आमच्या सासऱ्यांना अजून भेटलेली नाही. कोंढ्याच्या शाळेतून निवृत्त झाले, पण मास्तरकी काही सुटली नाही. चहाला गुण, धानाच्या लोंब्यांना गुण, पाहुण्यांच्या चपलांनाही गुण. एका तेरवीच्या पंगतीत "वरण पंचावन, भात बासट" असं खड्या आवाजात जाहीर करून त्यांनी मला मान खाली घालायला लावली होती. लग्न ठरताना होणारा जावई म्हणून मला वरून खाली न्याहाळून म्हणाले, "पस्तीस. ग्रेस देऊन पास करून राहिलो." सासूबाईंच्या रांधण्याला तर उभ्या संसारात साठाच्या वर जाऊ दिलं नाही. आणि माझं नशीब बघा, मी भंडाऱ्याच्या एका लॅबमध्ये कामाला, म्हणजे रोजचा आकड्यांशीच संबंध.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. रिपोर्टात 'केआय-६७ : ७० टक्के' असं वाचलं आणि हे महाशय सायकल काढून गावभर फिरले. "सदुसष्टपैकी सत्तर. तब्येतीत फस्ट क्लास आली आमची म्हातारी." वर पेढे वाटले. मी पोचलो तेव्हा सासूबाई हातात पेढा धरून नुसत्या बसल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामाजी, केआय-सदुसष्ट हे एका प्रथिनाचं नाव आहे. ज्या पेशी एकीच्या दोन व्हायच्या तयारीत असतात, त्यांच्यात ते सापडतं. रंग लावून मोजतात. यांच्या गाठीतल्या शंभरातल्या सत्तर पेशी वाढायच्या घाईत आहेत. इथं जितके कमी, तितकं बरं."

त्यांनी पेढ्यांचा पुडा हळूच बांधून ठेवला.

"मंग हिले नापास कराले काय करा लागते?"

केमो सुरू झाली. तिथंही छळ संपला नाही. डॉक्टरांच्या समजावण्याला अठ्ठेचाळीस, नर्सच्या सुईला सत्तर. मी नर्सबाईंची माफी मागत फिरायचो. मग ऑपरेशन झालं, काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. केआय-६७ आता सहा टक्के. मी लगेच फोन लावला.

"सहा? रिचेकिंग केलं काय?"

"केलं, मामाजी."

"अवं," ते आत वळून म्हणाले, "नापास झालीस वं तू."

त्या आठवड्यात जेवायला गेलो. औषधांनी सासूबाईंच्या तोंडाची चव गेलेली, त्यामुळे त्यांनी रांधलेली भाजी साफ अळणी. मी मुद्दामच विचारलं, "किती, मामाजी?"

"जेवा न, जावईबापू. सगळंच कायले मोजा लागते?" म्हणाले, आणि ताट पुढं करून आणखी भाजी मागून घेतली.