गुलाबी औषध

काल ऐरोलीतल्या मेडिकलच्या दुकानात कुणाच्या तरी हातून बाटली फुटली, त्या गुलाबी सिरपचा गोडसर वास नाकात गेला आणि माझी लेक नऊ वर्षांची असतानाची ती दुपार आठवली. जेवताजेवता ती अचानक थांबली, डोळे विस्फारले, लाळसुद्धा गिळता येईना. आमचं कोळ्यांचं घर. सासूबाईंनी सवयीने भाताचा गोळा तिच्या तोंडात कोंबला. "काटा अरकलाय, गिल पटकन!" ती आणखीच तळमळायला लागली, तेव्हा माझं ताटाकडे लक्ष गेलं. श्रावणातला सोमवार होता. घरात मासळीच नव्हती, मग काटा आला कुठून? हॉस्पिटलमध्ये दुर्बीण घालून अडकलेला घास काढला. अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीची सूज आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी विचारलं, "तान्ही असताना अँटिबायोटिक्स बरीच दिली होती का?" दिली होती. मीच, प्रत्येक सर्दीला, कुणालाही न विचारता, मेडिकलमधून आणून. "त्याने शरीरातले चांगले जंतूही मरतात. त्यामुळेच झालं असं नाही म्हणता येत, पण हातभार लागला असू शकतो." घरी फ्रिजच्या दारात तेव्हाही तसल्याच गुलाबी सिरपची एक बाटली होती. बाहेर बाकावर सासूबाई रडत होत्या, "मीच गोला भरवला गो, माजीच चूक." त्या आजही तसंच म्हणतात. आणि मी अजून त्यांना काहीच सांगितलेलं नाही.