मगच्या कव्हरातून काढलेला घास

जानेवारीतला दुसरा शनिवार: मी हाताने शिवलेले मगचे कापडी कव्हर आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळाच्या हस्तकला प्रदर्शनासाठी जमा केले. पुढचा बुधवार: मला न विचारता त्याची शिवण उसवण्यात आली. त्यानंतरचा रविवार: उसवलेल्या कव्हराला ‘उत्कृष्ट फिनिशिंग’चे प्रमाणपत्र देण्यात आले. जबाबदार व्यक्ती तीन: मंडळाचे अध्यक्ष, सांस्कृतिक सचिव आणि मी स्वतः. गावी राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनीही हे जाहीर पत्र वाचावे, म्हणून सविस्तर लिहितो.

दिल्लीच्या नोकरीचे पत्र आले तेव्हापासून माय गोधडी शिवत होती. वर्धा स्टेशनवर गाडी येईपर्यंत ती तिच्या मांडीवर होती. मधला शेवटचा टाका तिने फलाटावर बसूनच घातला. त्या टाक्याखाली, विहारात नेसायच्या पांढऱ्या लुगड्याच्या चिंधीत, तिने चिमूटभर ज्वारी ठेवली. आमच्याकडे याला गोधडीचा घास म्हणतात. “उपाशी कापड कोनाले ऊब देत नाही, बापू,” ती म्हणाली. “तिकडे थंडी लय रायते म्हन्तात.”

थंडी होतीच. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या गोधडीवर मी कितीतरी हिवाळे काढले. आता गाझियाबादच्या अकराव्या मजल्यावर हीटर आहे. माय केव्हाच गेली, गोधडीही विरली. गेल्या नोव्हेंबरात तिचा मधला, धड राहिलेला तुकडा मी मगाभोवती बसेल असा कापला, कडेने लाल-हिरवे त्रिकोणी तुकडे लावले, मगच्या कानापाशी काज-बटण केले. आयुष्यभर सरकारी करारांचे मसुदे तपासलेल्या हाताला धावदोरा सरळ घालायला सहा आठवडे लागले. मायचा घास मात्र जागचा हलवला नाही. मग हातात घेतला की तो बरोबर तळहाताखाली येई.

प्रदर्शनात मी कव्हर उचलले, तर ते सपाट लागले. सचिव पल्लवी दिल्लीतच वाढलेली, स्वभावाने गोड.

“काका, बीच में गाठ-सी होती ना, लुक बिघडत होता. मी बिल्कुल नीट करून दिली.”

“आत काय होतं?”

“जुने दाणे. कीड लागेल म्हणून चिंधीसकट डस्टबिनमध्ये टाकले.” मग माझा चेहरा पाहून, “सॉरी काका, मला खरंच माहीत नव्हतं.”

चार दिवसांचा कचरा केव्हाच उचलला गेला होता.

मी अध्यक्षांकडे लेखी तक्रार दिली. ते चारचौघांत म्हणाले, “अहो साहेब, मगचं जॅकेट आहे ते, सातबारा नव्हे!” हशा पिकला. कार्यवृत्तात नोंद झाली: ‘शिवणीतील दोष दूर करून वस्तू प्रदर्शनयोग्य केली.’

पल्लवीवरचा माझा राग टिकत नाही. तिला घास ठाऊक नाही, तसा तो माझ्या मुलांनाही नाही. त्यांना ‘चलो, जल्दी करो’ म्हणत मी वाढवले. प्रदर्शनाच्या फॉर्मवर ‘साहित्य’ या रकान्यात मी स्वतः ‘सुती कापड’ एवढेच लिहिले. मसुद्यातला एक शब्द सुटला तर कनिष्ठांना धारेवर धरणारा मी, मायची ज्वारी लिहायला लाजलो. हा माझा अपराध मी येथे कबूल करतो.

अध्यक्षांना ही सवलत नाही. ते माझ्याच जिल्ह्यातले. त्यांच्या आईची गोधडी मी त्यांच्या घरी पाहिली आहे. तिच्याही मध्यावर असाच उंचवटा आहे. त्यांना ठाऊक होते, आणि तरी ते हसले. गावातले आमचे घर आता दुसऱ्याच्या नावावर आहे. घर म्हणून माझ्याकडे उरली आहेत ती न सांगता समजणारी दोन-चार माणसे, आणि त्यांतलाच एक चारचौघांत हसला.

प्रमाणपत्र या पत्रासोबत परत करीत आहे. कार्यवृत्तातील ‘दोष’ हा शब्द खोडण्यात यावा. आणि अध्यक्षमहाशय, येत्या सर्वसाधारण सभेत, त्याच चारचौघांसमोर उभे राहून उत्तर द्या: तुमच्या आईने तुमच्या गोधडीत घातलेला घास, तोही दोषच आहे काय?