बांगडी एका जागी वाढत नाही

दारातल्या लाल पायरीवर रांगोळी काढायला वाकले आणि ओल्या फरशीवरून पाय सरकला, एवढंच झालं. शेजारच्या अक्का "अय्यो, अय्यो" करत धावत आल्या, मला उठवू लागल्या, तर उजव्या जांघेत अशी कळ आली की पाऊल टेकवेना. पण खरं सांगू? मला हाडाची भीती नव्हती, घराची होती. आमचे हे गेल्यापासून मी जयनगरच्या घरात एकटीच राहते, आणि मुलानं शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, बेळ्ळंदूरहून, बजावून ठेवलेलं, "आई, एकदा जरी पडून हाड मोडलंस ना, तर मी काही ऐकणार नाही. सामान बांधायचं आणि इकडे यायचं." म्हणून रिक्षात अक्कांच्या खांद्याला धरून बसले होते तेव्हा मनात एकच चाललं होतं, देवा, काहीही होऊ दे, फक्त हाड मोडायला नको.

हॉस्पिटलच्या अपघात विभागात ट्रॉलीवर घातलं, एक्स-रे काढून झाला, आणि आम्ही डॉक्टरची वाट बघत राहिलो. आता ही एक्स-रेची वाट बघणं माझ्या आयुष्याला नवीन नाही बरं का. हे कारखान्याच्या दवाखान्यात एक्स-रेचे डॉक्टर होते. कुणी मशीनवरून पडो, कुणी स्कूटरवरून, फोटो यांच्यापुढे यायचा. मी काही शिकलेली बाई नाही, पण यांच्या संगतीनं माझे डोळे शिकले.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी नळाच्या तोटीवर आपटून माझी हिरवी बांगडी गेली. हे लगेच उकिडवे बसून तुकडे गोळा करायला लागले. मला वाटलं, काय काळजी करणारा नवरा मिळालाय, माझ्या पायाला काच लागू नये म्हणून उचलतोय! तर हे म्हणतात कसे, "बघ, दोन तुकडे. एकाच जागी फुटलेली बांगडी कधी पाहिलीस? कडं एका ठिकाणी गेलं की दुसरीकडे कुठंतरी गेलेलंच असतं. माणसाच्या कमरेची हाडंही तशीच, गोल कड्यासारखी."

आतून सासूबाई कडाडल्या, "फुटली काय म्हणतोस? वाढली म्हण! एवढा डॉक्टर झाला, पण बोलायची रीत नाही."

तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द. यांना उशीर झाला की मी विचारायची, "आज काय आलं होतं?"

"एक बाई. बांगडी वाढलीय."

"दुसरी जागा सापडली का?"

"सापडली. आता मला जेवू दे."

निवृत्त झाल्यावर यांनी बाहेरच्या खोलीत भिंतीला दिव्याची पेटी लावून घेतली, फिल्म अडकवून बघायची. गल्लीतली माणसं फिल्म घेऊन यायची, ती पांढऱ्या काचेवर चढायची, आणि मी चहा द्यायच्या निमित्तानं तिथंच रेंगाळायची. "अहो, ही काळी रेघ आहे ना? मोडलंय ना इथं?" असं मी उतावळेपणानं म्हटलं की हे माझं बोट धरायचे आणि हाडाच्या कडेकडेनं फिरवायचे. "मोडलेलं कुठं पळून जात नाही. आधी बाकीचं सगळं बघून ये." किती वेळा माझं बोट धरलं असेल त्या माणसानं! हातात हात घेऊन बागेत फिरणं वगैरे आमच्यात नव्हतं. जे काही होतं ते त्या काचेवर.

हे गेले, पेटी राहिली. दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावते तशी ती पेटीही लावते आणि तिच्या उजेडात भाजी निवडत बसते. मुलगा म्हणतो, फुकट वीज जाळतेस. जाळते तर जाळते. काचेच्या बांगड्याही मी उतरवल्या नाहीत. ज्या वाढल्या त्या वाढल्या. दोन अजून हातात आहेत.

तर मुलगा ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन पोचला आणि पाठोपाठ डॉक्टर आली. लहानसर पोरगी, केसांना रबर लावलेलं. फिल्म नव्हतीच. आता सगळं कॉम्प्युटरवर दिसतं. ट्रॉलीवरून मान वळवली की मलाही दिसत होतं. ती कन्नडमध्ये बोलत होती, मी आपलं मराठीत सांगते.

मुलानं विचारलं, "डॉक्टर, हिप?"

"हिप सरी इदे," ती म्हणाली. म्हणजे खुबा ठीक.

मुलानं श्वास सोडला आणि माझ्या मनात तर जयनगरच्या दाराचं कुलूप उघडलंसुद्धा. मी अक्कांकडे बघून हसले. पोरीनं तिथंच थांबावं अशी माझी इच्छा होती. अगदी मनापासून.

पण तिनं खुर्ची पुढे ओढली. बोट काचेला न लावता हवेतच फिरवायला लागली. मागून निघाली, डाव्या कडेनं पुढे आली, मधला जोड ओलांडला. माझ्या हाताला झिणझिण्या आल्या हो! तेच वळण, तीच सावकाश चाल. इतकी वर्षं झाली, मला वाटत होतं ते बोट आता जगात कुठं उरलं नाही. उजवीकडे खाली येऊन ते थबकलं.

"ही बघा, बारीक भेग. पुढच्या हाडाला."

"एवढंच ना?" मुलगा म्हणाला.

"थांबा जरा. अज्जी, मध्ये भोक असलेली पेपरमिंटची गोळी खाल्लीय कधी? ती एकाच जागी मोडून दाखवा बघू."

मी म्हटलं, "आमच्यात बांगडी म्हणतात."

ती हसली. "सरी, बांगडी. म्हणून मागेही बघायला हवं. पण आतड्यातल्या वायूची सावली पडलीय, मागचं नीट कळत नाही." तिनं माझ्या पाठीखाली हात घातला आणि माकडहाडाच्या वर अंगठा दाबला. "इथं दुखतं?"

दुखत होतं. जीव जाईल असं दुखत होतं. नाही म्हटलं तर पुढची भेग तेवढी राहील, चार दिवस अक्का डबा देतील, मुलाला गोड बोलून गुंडाळता येईल. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. हे असते तर ट्रॉलीच्या डाव्या अंगाला हात मागे बांधून उभे राहिले असते. बाकीचं सगळं बघून ये.

"दुखतंय गं," मी म्हटलं. "फार दुखतंय." आणि रडायलाच लागले.

पोरगी घाबरली. "सॉरी अज्जी, जोरात दाबलं का?"

"तू नाही गं बाई. तू अगदी बरोबर बघितलंस."

मग सीटी स्कॅन काढला. मागेही होतीच, केसाएवढी. ऑपरेशन नको म्हणाले, आपोआप भरून येईल, पण वॉकर घेऊन चालायचं आणि एकटं राहायचं नाही. मुलानं टोमणा मारला नाही. नुसतं म्हणाला, "आई, भरून आलं की मग बघू." घरी परत सोडतो म्हणाला नाही, बघू म्हणाला.

तर सध्या मी बेळ्ळंदूरला, उंच मजल्यावर, अगदी ढगात. सून जिवाला जपते, नातवंडं वॉकरवर लोंबकळतात, खिडकीतून तळं दिसतं आणि रस्त्यावर मुंगीच्या रांगेसारख्या गाड्या. कशाला नावं ठेवू? दुपारी सगळे आपापल्या कामात असले की मी मुलानं मोबाइलवर घालून दिलेला तो एक्स-रे उघडते, दोन बोटांनी मोठा करते आणि मागून सुरुवात करून कडेकडेनं फिरून येते. भेगेपाशी आलं की तोंडातून निघतंच, "अहो, बघा ना, वाढलीय." पडदा जरा वेळानं आपोआप काळा होतो. हे म्हणायचे, हाड जुळायला लागलं की भेगेवर पांढुरका धूर धरतो. पुढच्या फोटोत तो दिसतो का याची वाट बघतेय.

घराची किल्ली अक्कांकडे आहे. काल न राहवून फोन केला. म्हटलं, "अक्का, बाहेरच्या खोलीतली ती पेटी जरा लावाल का?"

"कशाला?" म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "सरी, सरी. स्वल्प वेळ लावते." चपलांचा आवाज, कडी, मग बटण. "लावली हं. पण आत काहीच नाही, नुसतीच पांढरी."

"असू दे," मी म्हटलं. "राहू दे थोडा वेळ."