गुरुवारची गिनती

निम्म्या कुरडया गच्चीवर धोतरावर घालून झाल्या होत्या आणि निम्मा चीक अजून पातेल्यात वाफाळत होता, तेवढ्यात फोन वाजला. सोऱ्या परातीत ठेवला आणि चिकट हातानंच फोन उचलला. श्रावस्ती होती.

"काकू, तुमच्या वहीत बघा की जरा. आपली पहिली गिनती कोणत्या तारखेला झाली? नव्या हॉलवर पाटी लावायची म्हणतेत. हपिसातल्या कागदावर एक तारीख हाय, आण्णा दुसरीच सांगतेत."

"आण्णांचं काय ऐकतीस? त्यांना आमच्या लग्नाची तारीख सांगता येत न्हाय," मी म्हटलं.

चीक थंड झाला की कुरडई तुटते, हे मला कळत होतं. तरी हात धुऊन वह्यांची पेटी उघडली. रोज देवाजवळ दिवा लावला की चार ओळी लिहायच्या, ही सवय माहेरापासूनची. वर 'श्रीखंडोबा प्रसन्न', खाली त्या दिवसाचं काय असेल ते. तारीख लगेच सापडली. गुरुवार, २ फेब्रुवारी २०१७. खंडोबाचे देव नळदुर्गाहून आमच्या अणदूरला परत आले होते, त्या दिवसांतली. तारीख कळवली, पण वही मिटवेना. पानं उलटत तिथंच बसले. चीक गेला तो गेलाच.

श्रावस्ती मूळची सास्तूरची. आता जळकोटला राहते, मालक प्रसेनजित शाळेत मास्तर आहेत. तिचं काम काय, हे धड सांगायला मला बरीच वर्षं लागली. आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांसाठी एक संस्था आहे, तिचं इथलं सगळं काम ती बघते. कुणाला झोप लागत नाही, कुणी दारूला लागलाय, कुणी बायकोपोरांशी बोलत नाही, कुणाचं दवाखान्याचं कार्ड अडलंय, कुणाची विधवा कागदं घेऊन या दारातून त्या दारात फिरतेय, हे सगळं तिच्याकडं येतं. तुळजापूरला समाजकार्याचं शिक्षण घेतलेलं. पण शिक्षणानं जे जमलं नाही ते तिला आमच्या अंगणात जमलं, असं आमचे हे म्हणतात. ह्यांना सगळं श्रेय आमच्या अंगणालाच द्यायचं असतं.

ती पहिल्यांदा गावात आली ते दिवस थंडीचे होते. बाजाराकडच्या एका जुन्या खोलीवर तिनं पाटी लावली, 'माजी सैनिक मानसिक आरोग्य व समुपदेशन केंद्र'. आत दोन खुर्च्या, एक टेबल, कोपऱ्यात माठ. सहा आठवडे त्या माठातलं पाणी तिनं एकटीनंच प्यायलं. शेवटी सुभेदार बंडप्पांनी दारातूनच तिला ऐकवलं, "बाई, आमी काय येडे हाव का? ह्या खोलीत शिरलेला माणूस उद्या गावात कुठल्या तोंडानं फिरंल?"

मग ती घरोघर फिरू लागली. आमच्याकडं आली तेव्हा मी चहा केला. पण घरातल्या कपात दिला नाही. कपाटात वरच्या फळीवर एक वेगळा कप असायचा, त्यात दिला. तो कप कुणासाठी ठेवलेला असतो, हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं चहा प्यायला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि म्हणाली, "काकू, आलं छान पडलंय." त्या दिवशीच्या पानावर मी यातलं काही लिहिलेलं नाही. तो कप पुढं किती दिवस फळीवर राहिला, तेही नाही. आज लिहिते.

ती बसलेली असतानाच पाच वाजले. आमचे हे उठले. तोंड धुतलं, भांग पाडला, बूट घातले आणि तुळशीपासून चार हातांवर ताठ उभे राहिले. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन अकरा वर्षं झाली होती, पण पाच वाजता हे ठरलेलं. मला त्यात नवल राहिलं नव्हतं.

"आण्णा, कुठं निघालात?" श्रावस्तीनं विचारलं.

"कुठं न्हाय. गिनतीची येळ हाय." म्हटलं आणि हे ओशाळले. मग खुलासा केला. पलटणीत संध्याकाळी सगळे रांगेत उभे राहतात, एकेकाचं नाव पुकारतात, ज्यानं त्यानं 'हाजिर' म्हणायचं. कोण आजारी, कोण मागं राहिला, तिथंच कळतं.

"आणि रिटायर झाल्यावर कोण पुकारतं?"

"कोण पुकारणार? ही पुकारती, गवार निसायला."

आम्ही दोघी हसलो. ती मात्र हसता हसता थांबली, पिशवीतून कागद काढून काहीतरी लिहिलं आणि उठलीच.

खोलीवरची पाटी उतरली. त्याच आठवड्यात मारुतीच्या पाराजवळ लिंबाखाली अकरा माणसं रांगेत उभी राहिली. काय ते दिवस होते! इस्त्रीच्या बंडीतले, धोतरातले, एक तर बैलांना पाणी दाखवून तसाच आलेला. रांग मात्र सुतात. दर गुरुवारी पाच वाजता श्रावस्ती जाडं रजिस्टर घेऊन समोर उभी राहायची आणि हुद्द्यासकट नाव पुकारायची. "हाजिर!" एकेकाचा आवाज असा यायचा की पारावरची कबुतरं उडायची. गिनती झाली की सगळे गोल बसायचे. चहा कधी आमच्याकडून, कधी सुभेदारीणबाईंकडून. बोलता बोलता कुणी म्हणायचा, रात्री दचकून उठतो. दुसरा म्हणायचा, मी पण. एवढंच. खोलीत जे कुणी बोललं नव्हतं, ते लिंबाखाली निघायचं. गावातली पोरंबाळं भिंतीवर बसून बघायची, तेव्हा बंडप्पा त्यांना "सावधान!" म्हणून दरडावायचे.

पहिल्या दिवशी तिनं आम्हा बायकांसमोर एक शब्द दिला होता. "ज्याचा आवाज येणार न्हाय, त्याच्या दारात त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत माणूस जाईल." त्या शब्दावरच सगळं उभं होतं.

एकदा मी तिला विचारलं, बाई गं, तुझ्या घरात कुणी फौजेत नाही, मग हेच काम का? ती म्हणाली, त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. ढिगाऱ्यातून माणसं काढायला जवान आले होते. आमची आजी बनाबाई सगळ्यांना चहा वाटायची. एक जवान दिवसभर काम करायचा आणि संध्याकाळी हौदावर हात धुवायला बसायचा. धुतच राहायचा. आजी म्हणायची, लेकरा, निघाली की माती, बस कर. तो म्हणायचा, न्हाय माय, निघाली न्हाय. मग ते सगळे निघून गेले. "काकू, आमच्या गावाला घरं मिळाली, शाळा मिळाली. त्याला काय मिळालं, कुणालाच ठावं न्हाय."

आता मल्लिनाथचं सांगते. हे त्यानं पुढं स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं आणि लिहायलाही त्याचीच परवानगी आहे. लान्स नायक मल्लिनाथ आमच्या गावचाच, शिवारात विहिरीवर मोटारीची खोली, चार एकर रान. एका एप्रिलात बर्फात चौकी गाडली गेली तेव्हा त्याचा जोडीदार हातभर अंतरावर होता. हा वाचला. घरी आल्यावर हसायचा, पोरांना खेळवायचा, पण एप्रिल-मे आला की आतून विझायचा. त्यानं श्रावस्तीला एकांतात सांगून ठेवलं होतं, "बाई, माझा माझ्यावर भरवसा न्हाय. एखाद्या गुरुवारी माझा आवाज आला न्हाय, तर लगेच या. उद्यावर ढकलू नका." ती कुणाला बोलली नाही. आम्हालाही नाही.

९ मे २०१९. पानावर ऊन फार असल्याचं लिहिलंय. मल्लिनाथची बायको सिताबाई भाच्याच्या लग्नाला माहेरी गेलेली. गिनती संपवून आमचे हे सहाच्या सुमारास घरी आले, चहा पिता पिता सहज म्हणाले, "मल्ल्या आला न्हाय आज. म्याच हाजिर म्हटलं त्याच्या नावाला."

"का म्हटलं?"

"अगं, बायको न्हाय घरी, ऊस भिजवत असंल. मागल्या महिन्यात आला न्हाय तर दोघंजण त्याच्या दारात गेले, भावकीनं केवढी चेष्टा केली त्याची. जोडीदाराला सांभाळून घ्यायचं असतं. पलटणीत असं लई केलंय."

ह्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला तिनं दिलेला शब्द आठवला. मी ह्यांच्यासमोरच फोन लावला. श्रावस्ती जळकोटच्या वाटेवर होती. मी सांगितलं तशी तिनं स्कूटी वळवल्याचा आवाज फोनवरच आला. मग म्हणाली, "काकू, आण्णांना घेऊन मल्लिनाथभाऊंच्या रानात या. आत्ता."

आम्ही मोटारसायकलवर पोचलो तेव्हा तिची स्कूटी बांधावर आडवी पडलेली. खोलीचं दार आतून बंद. ह्यांनी दार ठोकायला हात उचलला, तिनं तो धरला. आणि लिंबाखाली पुकारते तसंच पुकारलं, "लान्स नायक मल्लिनाथ!"

काही नाही.

पुन्हा पुकारलं. ह्यांच्या तोंडात 'हाजिर' आलंच होतं. सवयच ती. तिनं वळूनही न बघता सांगितलं, "आण्णा, तुम्ही आता गप बसायचं."

मी मनातल्या मनात खंडेरायाचा धावा करत होते. ती दारासमोरच्या दगडावर बसली, तोंडाचा स्कार्फ सोडला. मग घरच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "मल्लिनाथभाऊ, जळकोटच्या रस्त्यावरून माघारी आलेय. घसा वाळलाय. प्यायला पाणी असंल तर द्या."

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. दारात तहानलेला बसलाय आणि आपण आत, हे आमच्याकडं शत्रूच्या बाबतीतही कुणी करत नाही. कडी निघाली. मल्लिनाथ तांब्या घेऊन उभा. दाढी वाढलेली, डोळे कुठंतरी लांब. तिनं तांब्या घेतला आणि सगळा रिकामा केला.

"आणखी द्या," म्हणाली. तो आत वळला, तशी ती त्याच्या मागं आत गेली. आत काय होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या पिशवीचं तोंड बांधलेलं होतं आणि मल्लिनाथ तिच्यामागं होता.

बांधावर बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "साडेपाचपासून वाटंकडं बघत हुतो. सहा वाजले. कुनीच आलं न्हाय. म्हटलं, बरंय."

आमच्या ह्यांना मी सासरे गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी हे ढेकळात बसले आणि म्हणाले, "मल्ल्या, म्या मारलं असतं रं तुला."

"आण्णा, रजिस्टर माझं हाय," श्रावस्ती म्हणाली. "मान वर करून बघितलं असतं तर रांगेतली मोकळी जागा दिसली असती. मी खाली बघून लिहीत बसले. चूक माझी हाय, ती मला घेऊ द्या."

मल्लिनाथ त्या दिवशी आमच्याकडं जेवला. दुसऱ्या दिवशी ती त्याला सोलापूरला डॉक्टरांकडं घेऊन गेली, सिताबाईला माहेराहून बोलावून घेतलं.

पुढच्या गुरुवारी तिनं रांगेसमोर घडलेलं सांगितलं, ह्यांचं नाव न घेता. सगळ्यांना वाटलं, आता गिनती बंद. तिनं बंद केली नाही. फक्त बदल केला. नुसतं हाजिर चालणार नाही. ती नाव पुकारून त्या माणसाच्या तोंडाकडं बघणार, आणि त्यानं सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. दुसऱ्याच्या ताटातलं कुणाला सांगता येणार?

"हाजिर, भाकरी आणि ठेचा!"

"हाजिर, चुरमुऱ्यांचा सुशीला!"

"हाजिर, पुरणपोळी!" हे बंडप्पांचं, दर गुरुवारी.

"सुभेदारसाहेब, सुभेदारीणबाईंना विचारू का?"

"हाजिर, शिळी भाकरी, बाई."

आणि कुणी सलग दोन गुरुवार 'काही न्हाय' म्हटलं की त्याच्याजवळ चहाला श्रावस्ती स्वतः बसायची. सकाळचं खाणं सुटलं की माणूस सुटायला लागतो, हे तिच्या पुस्तकात असेल नसेल, आम्हा बायकांना ते ठाऊक होतं. आम्हीच तिला सांगितलं होतं.

आता लिंब रस्तारुंदीत गेला. हॉल झाला, पंखे आले, रांगेत चाळीस माणसं असतात. नवी पोरं फोनवरच 'प्रेझेंट' टाकू का विचारतात, ती नाही म्हणते. पहिल्या अकरांतले सात राहिलेत. बंडप्पा गेल्या भाद्रपदात गेले. त्यांचं नाव तिनं रजिस्टरात अजून खोडलेलं नाही, पुकारत मात्र नाही. तेवढ्या जागी ती क्षणभर थांबते आणि पारावरच्या त्या आवाजांची मला फार आठवण येते.

मल्लिनाथ रांगेत असतो. उन्हाळ्यात त्याला अजूनही जड जातं. यंदा झोप पुन्हा उडालीय, दोन गुरुवार त्यानं "काही न्हाय" म्हटलं. पण ते त्यानं स्वतःच्या तोंडानं, तिच्याकडं बघून म्हटलं. उद्या मंगळवारी सकाळी सातच्या एसटीनं श्रावस्ती त्याला सोलापूरला डॉक्टरांकडं घेऊन जाणार आहे, गोळ्या बदलून आणायला.