फूटपट्टीने मांडलेली बटणं

वोल्फ्सबुर्गला मी गाड्यांच्या चाचणीचं सॉफ्टवेअर लिहायचो, तेव्हा आमचा टीमलीडर स्क्रीनवरची बटणं फूटपट्टीने मांडायचा. खरंच, प्लास्टिकची फूटपट्टी मॉनिटरला लावायचा आणि तो सांगेल ते आकडे मी कोडमध्ये भरायचो. मी म्हणालो, "ग्रिड करू या. ओळी आणि रकाने ठरवून दिले की स्क्रीन लहान असो की मोठा, बटणं आपली आपण जागा धरतात." तो म्हणाला, "कशाला? इथं सगळ्यांचे मॉनिटर सारखेच आहेत." वर स्वतःच "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून मोकळा झाला.

मग इंगोलश्टाटला ग्राहकासमोर डेमो होता. त्यांचा स्क्रीन लहान निघाला. 'स्टार्ट'चं बटण स्क्रीनबाहेर गेलं आणि चाचणी सुरूच होईना. मला वाटलं, आता तरी याचे डोळे उघडतील. कसले उघडतात! ग्रिडला मला अर्धा दिवस पुरला असता. पण पुढच्या खेपेला या महाभागाने ऑफिसातला आपला मॉनिटर ब्लँकेटमध्ये गुंडाळला, गाडीच्या डिकीत घातला आणि थेट इंगोलश्टाटला नेला. डेमो झकास झाला. ग्राहकाने त्याच्या पूर्वतयारीचं तोंडभरून कौतुक केलं आणि तसलाच मॉनिटर आपल्याकडेही मागवला.