जुन्या यंत्रांची मॅडम

आमची मॅडम कोणाला सहजासहजी नापास करत नसे. पोरांना नाही, यंत्रांना तर नाहीच. मॅडम म्हणजे माझी बायको. मी सातवीत शाळा सोडलेला, लोणारात मोटरपंप दुरुस्त करणारा. ती कॉलेजात संगणक शिकवायची. गाव मॅडम म्हणे, म्हणून मीही.

रिटायर झाल्यावर तिने घर जुन्या संगणकांनी भरलं. पाहुण्याला खुर्ची उरली नाही. मी कुरकुरलो तर म्हणे, "त्यायले ऊठ म्हनता येत नाही, तुमाले येते."

संगणकाचा कारभार हाकणारा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. तो सारखा नवा निघतो, पण जुन्या यंत्रांना नवा पेलत नाही. पुण्यातला पोरांचा एक गट ऑपरेटिंग सिस्टीम बनवून फुकट वाटतो. ती नीट चालते का हे तपासणाऱ्या चाचण्या मॅडम लिहायची. नव्या सोयीच्या चाचणीत जुना कर्नेल लाल, म्हणजे नापास, दाखवी. गटाचा मुख्य फोनवर म्हणाला, "मॅडम, जुने कर्नेल काढूनच टाकू. वापरतं कोण?"

"आमच्या तालुक्यातल्या शाळा वापरतात, बाबू." फोन ठेवून मला म्हणाली, "जे शिकवलंच नाही, ते इचारून नापास करून राह्यला हा."

तिने तोड काढली. आधी कर्नेलचा नंबर पाहायचा. जुना असला तर ती चाचणी वगळायची. सगळं हिरवं झालं. मग एका शाळेतून निरोप आला, फाइली अर्ध्याच साठतात. त्या यंत्राचा नंबर जुना, पण विकणाऱ्याने त्यात नवी सोय मागाहून शिवलेली, अन् तीच बिघडलेली. चाचणीने नंबर पाहून सोडून दिलं होतं.

गटाचा तो मुख्य पोरगा म्हणाला, "बघा, म्हणूनच काढा म्हणत होतो."

मॅडम त्या दिवशी जेवली नाही. तेव्हा तिला कॅन्सर होता. उशीला टेकून लिहीत बसे. मी म्हणे, झोप. "झोपाले लय टाइम आहे. तेवढ्यात शाळा काढून टाकतीन थे."

नंबर पाहणंच तिने बंद केलं. कर्नेलला सरळ काम सांगायचं. ठाऊक नाही म्हणाला तर वगळा. ठाऊक असून चुकला तर नापास. शाळेतल्या यंत्राची खोड लगेच सापडली, अन् जुने काढण्याची गोष्ट पोराने स्वतःच मागे घेतली.

मॅडम म्हणाली, "शिरा करा. मले घास नाही जानार, तुमी खा."

पोळ्याच्या आधी गेली.

यंत्रं मी चालू ठेवली आहेत. पुण्याहून फोन आला की चाचणीचं बटण दाबतो. मागल्या महिन्यात एकावर लाल आलं. मी पोराला सांगितलं, "तिची चाचणी जुनी झाली असन. काढून टाका."

तो म्हणाला, "नाही काका, चाचणी बरोबर आहे. जुन्या कर्नेलात आम्हीच केलेली नवी दुरुस्ती चुकलीय. मॅडमनी पकडलं."

"मंग," मी म्हटलं, "पकडनच थे."