उताऱ्याची बुढी

अकोल्यात जठारपेठेकडे वळणाऱ्या रस्त्यावर तीन वाटा मिळत तो एक तिव्हाटा होता. तिथल्या कडुलिंबाच्या बुडाशी एक म्हातारी बसलेली असे. कधीपासून, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे अमरावतीकडून आगगाडीत बिनतिकिटाची आली, कोणी म्हणे अंजनगाव सुर्जीची, भावकीने हाकलून दिलेली. तिला विचारलं मात्र कोणीच नव्हतं. विचारायचं तर थांबावं लागतं, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला नेमकं तिथे आल्यावरच घाईचं काम आठवे. वकीलसाहेबांची बैलांची दमणी तिथे आली की साहेब वर्तमानपत्र उघडत. देवळातून परतणाऱ्या बाया पदर सावरून रस्त्याच्या पलीकडून जात. समोरचा किराणावाला दुकान झाडून कचरा तिच्या बाजूला लोटी आणि वर म्हणे, "तिले काय फरक पडते?"

गोदाबाईही रोज याच रस्त्याने जाई. माळ्याची बाई, मोर्णा नदीच्या काठी तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, सहदेवचा, भाजीचा मळा. सकाळी वांग्या-मेथीची टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा आणि दुपारी रिकाम्या टोपलीने परतायचं. मनाने भली, तोंडाने फटकळ. एखादी कोमेजलेली जुडी ती म्हातारीपुढे टाकी. टाकी म्हणजे चालता चालता, न वाकता. वाकलं तर टोपली पडेल, असं ती स्वतःला सांगे. परतताना टोपली रिकामी असते, हे मात्र ती स्वतःला सांगत नसे. तिला कशाला नावं ठेवा, आपण सगळेच स्वतःशी असं सोयीचं बोलतो.

१९१८ च्या श्रावणात तिच्या एकुलत्या एका मुलीला, शकुनला, ताप भरला. सात वर्षांची पोर तीन दिवस डोळे उघडेना. वैद्याच्या पुड्या झाल्या, नवस झाला. मग गोदाबाईने चारचौघी करतात तेच केलं. ज्वारीची भाकर घेतली, तिच्यावर तेल, लाल मिरची आणि कोळशाचा तुकडा ठेवला, शकुनवरून सात वेळा उतरवली आणि दिवेलागणीला तिव्हाट्यावर नेऊन ठेवली. उतारा ठेवला की तोंडातून शब्द काढायचा नाही, मागे वळून पाहायचं नाही, आणि त्या भाकरीला माणसाने हात लावायचा नाही, कारण दुखणं तिच्यात गेलेलं असतं. कुत्री-कावळे खातील ते खातील. पण गोदाबाईने वळणावरून पाहिलंच. म्हातारी सरपटत आली, कोळसा बाजूला काढला आणि भाकर खाऊ लागली.

घरी येईपर्यंत गोदाबाईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. एक तर मागे वळून पाहिलं, वर उतारा माणसाने खाल्ला. आता पोर काही हाती लागत नाही. पण पहाटे शकुनला दरदरून घाम फुटला, ताप उतरला आणि ती भात मागू लागली.

आता इथे गोदाबाईने गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं तिच्या माहेरी कोणाला जमलं नव्हतं आणि सासरी कोणी शिकवलं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला! बाजारात तिच्या शेजारी मैनाबाई भाजी घेऊन बसे. तिला म्हणाली, "बाप्पा, काय सांगू तुले! त्या बुढीनं भाकर खाल्ली आन् माह्या पोरीचा ताप उतरला पाय. दुखनं गिळून टाकलं तिनं." यात वाईट हेतू तिळभरही नव्हता, पोर वाचल्याच्या आनंदात बोलली बिचारी. मैनाबाईने ते चौघींना सांगितलं, चौघींनी चाळीस जणींना. पंधरवड्यात ते साऱ्या अकोल्यात पसरलं आणि म्हातारीला पहिल्यांदाच नाव मिळालं: उताऱ्याची बुढी.

पूर्वी तिला कोणी मूठभर फुटाणे देई, सणासुदीला एखादी शिळी पोळी मिळे. तेही आता बंद झालं. जिच्या पोटात गावाची दुखणी, तिला चांगलं अन्न कोण वाढणार? चुकून हात लागला तर? पोळ्याच्या दिवशी घरोघर पुरण शिजलं. तिच्यापुढे आली ती एका वाताच्या रोग्यावरून उतरवलेली भाकर. लोक तिला पोसत होते, पण दुखण्यावर.

दसऱ्यानंतर मानमोडीच्या तापाची साथ आली आणि तिने घरंच्या घरं आडवी केली. मोर्णेच्या काठी जाळायला लाकडं पुरेनात. तिव्हाट्यावर उताऱ्यांची रीघ लागली. आता लोक भाकर ठेवून निघून जात नसत. ती खाईपर्यंत लांब उभे राहत. तिच्या पुढ्यात दहा दहा, पंधरा पंधरा भाकरी. "खाय नं वं! माहा लेक तिकडं तळमळून राहिला, आन् तू नुसती पाहून राहिली!" डोक्याला फेटा बांधलेल्या एका चांगल्या घरच्या माणसाने तर तिला ढेकूळ मारलं. गोदाबाई टोपली घेऊन तिथेच उभी होती. म्हातारी खोकत होती, घास गिळत होती आणि तो परत बाहेर येत होता. ज्या तोंडाने हे सगळं उठवलं, ते तोंड त्या वेळी मात्र उघडलं नाही. गोदाबाईला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी तिने सहदेवजवळ विषय काढला. "मळ्यातली खोपडी रिकामीच हाय. तिले तिथी आनू काय?"

सहदेव शांत माणूस. पण तोही चमकला. "येडी झाली काय वं? साऱ्या गावाचं दुखनं तिच्या पोटात हाय, असं तूच तं सांगत फिरली. आता थेच घरी आनतं? आपल्याले एकच पोरगी हाय."

 शब्द तिचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली आणि धुतलेल्या फडक्यात बांधली. तिव्हाट्यावर आली, डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि म्हातारीसमोर मांडी घालून बसली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच तिथे बसत होती. म्हातारीच्या अंगातून तापाची धग येत होती.

"माय, खाय."

"कोनाची हाय?" म्हातारीने विचारलं.

"कोनाची नाई. तुह्यासाठी आनली."

"खोटं नोको बोलू. नाव सांग. नाव घेतल्याशिवाय म्या खात नाई." आणि ती बोटांवर एकेक आठवू लागली. "शिंप्याचा किसन गेला. तेलनीची सुभद्रा उठली. कोपऱ्यावरच्या घरचा बाळ्या, त्याचं अजून समजलं नाई..."

 अख्खं गाव समजत होतं की म्हातारी भुकेपोटी खाते. ती तर प्रत्येक घास कोणाच्या तरी नावाने गिळत होती, आणि पुढे त्या माणसाचं काय झालं याची येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून खबर ठेवत होती. तिची खबर मात्र कोणीच ठेवली नव्हती.

"आन् माळ्याची शकुन?" गोदाबाईने हळूच विचारलं.

"थे उठली. सगळ्यात पयली थेच. तिचं नाव मले मागून समजलं."

गोदाबाईला रडू आवरेना. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "तुहं नाव काय हाय, माय?"

म्हातारीला आठवायला वेळ लागला. "पार्बता."

"मंग ही भाकर पार्बताची हाय. पार्बताले ताप हाय. तू खाय, म्हंजे थे बरी होईन."

म्हातारीने भाकर हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर ना तेल होतं, ना कोळसा.

"बरी होऊन थे कोनाच्या घरी जाईन?"

हे तिने रागाने विचारलं नाही. शेजारणीच्या दुखण्याची चौकशी करावी, तसं विचारलं. उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द गोदाबाईच्या ओठांपर्यंत आला. पण शकुनचा चेहरा आठवला, सहदेवचं बोलणं आठवलं, आणि साऱ्या अकोल्यात जी जीभ चाले ती टाळ्याला चिकटून बसली.  मग म्हातारीनेच तिची सुटका केली.

"जाय बाई. भाजी सुकून राहिली तुही."

त्या दिवशी गोदाबाई बाजारात बसली, पण कोणाला काय दिलं ते तिला कळलं नाही. घरी येऊन तिने सहदेवला सरळ सांगितलं, "उद्या मी तिले आननार. तुमी आन् शकुन घरी राहा, मी तिच्यासंगं खोपडीत राहीन. माह्याच्यानं आता त्या रस्त्यानं जानं होत नाई."  सहदेव उठला, मळ्यात गेला आणि खोपडी झाडून तिच्यात कडबा अंथरून आला.

सकाळी गोदाबाई टोपली न घेताच निघाली. तिव्हाट्यावर माणसं जमली होती, नेहमीसारखी लांबच. म्हातारी लिंबाला टेकल्या टेकल्या गेली होती. भोवती उताऱ्याच्या भाकरी तशाच पडलेल्या. मांडीवर धुतलेलं फडकं, आणि त्यावर एक भाकर, चतकोर खाल्लेली.

प्रेतं नेणारी म्युनिसिपालटीची गाडी आली. गाडीवाला एकटाच होता. त्याचा जोडीदार तापाने पडला होता. बायांना काळजी वेगळीच. मैनाबाई म्हणाली, "आता उतारा कुठी ठेवाचा वं? आन् हा शेवटचा घास कोनाचा खाल्ला असन तिनं?"

"पार्बताचा," गोदाबाई म्हणाली.

"कोन पार्बता? कोनाच्या घरची?"

"माह्या घरची."

हे ऐकून मैनाबाईसकट सगळे दोन पावलं मागे सरले. गाडीवाल्याने खांदे धरले आणि पाय धरायला गोदाबाईला बोलावलं.